व्हिन्सेंशियन संस्थेला नवे सभासद घरभेटीतून मिळतील

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर महिना आला की वसई धर्मप्रांतातील अनेक चर्चमध्ये वेदीवरून एक आवाहन ऐकू येते. ९ सप्टेंबरला संस्थेचे एक संस्थापक धन्यवादित (संतपदाआधीच्या पायरीवरचे) फ्रेडरिक ओझनाम यांचे आणि २७ सप्टेंबरला संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे स्मरण केले जाते. त्या निमित्ताने सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कोणी ज्येष्ठ सभासद मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, अखेरीस माईकसमोर उभे राहतात, संस्थेच्या कार्याची माहिती देतात आणि तरुणांनी पुढे यावे, अशी विनंती करतात. लोक आदराने ऐकतात, बाहेर पडताना दानपेटीत नेहमीपेक्षा थोडे अधिक टाकतात आणि घरी जातात. पुढच्या सभेला मात्र तीच माणसे त्याच खुर्च्यांवर बसलेली असतात. मी या संस्थेची सभासद आहे. आमच्या गटाला आलेली मरगळ कशी जाईल, याविषयी आमच्यात जी चर्चा होते ती चर्चच्या आवारातच राहते. पण संस्था ज्या घरांत जाते ती सगळीच ख्रिस्ती नसतात आणि वसईतील सर्वधर्मीय वाचकांना ही संस्था निदान चर्चच्या दारातल्या पेटीमुळे तरी माहीत आहे, म्हणून हा विषय आपल्या पत्रातून मांडावासा वाटला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ही धर्मगुरूंची संस्था नाही. ती प्रापंचिकांची, म्हणजे घरसंसार आणि नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसांची संस्था आहे. प्रत्येक धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील, गटाला कॉन्फरन्स म्हणतात. सभासदांनी ठरावीक दिवशी एकत्र येऊन प्रार्थना करावी, आधीच्या भेटींचा वृत्तांत ऐकावा, आपसांत एक पिशवी फिरवून त्यात गुपचूप यथाशक्ती रक्कम टाकावी आणि मग दोघादोघांनी मिळून गरजू कुटुंबांच्या घरी जावे, अशी तिची रीत आहे. मदत करताना धर्म किंवा जात विचारायची नाही, हाही तिचा जुना नियम आहे. सभासद एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात.

हिची सुरुवात झाली ती पॅरिसमध्ये, २३ एप्रिल १८३३ रोजी. ओझनाम त्या दिवशी बरोबर वीस वर्षांचे झाले होते आणि कायद्याचे शिक्षण घेत होते. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात ते ख्रिस्तसभेच्या इतिहासाची बाजू हिरिरीने मांडत असत. तिथे विरोधकांनी त्यांना विचारले की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही स्वतः काय करता? आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ येऊन गेली होती आणि मजुरांच्या वस्त्यांत दैना माजली होती. ओझनाम आणि त्यांच्या मित्रांनी त्या प्रश्नाला आणखी एक भाषण करून उत्तर दिले नाही. पाच-सहा विद्यार्थी आणि इमॅन्युएल बायी हे वयाने मोठे असलेले वृत्तपत्राचे संपादक असे मिळून त्यांनी गट स्थापला आणि ते मुफतार भागात गरिबांची सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे गेले. कोणत्या घरी जायचे, तिथे कसे बसायचे, काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे त्या मुलांना सिस्टर रोझाली यांनी शिकवले. ओझनाम पुढे सोर्बोन विद्यापीठात परकीय साहित्याचे प्राध्यापक झाले, १८५३ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारले आणि २२ ऑगस्ट १९९७ रोजी, पॅरिसमधील जागतिक युवा दिनाच्या वेळी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. आज ही संस्था सुमारे दीडशे देशांत आहे. एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जी संस्था कॉलेजच्या मुलांनी काढली तिला आज कॉलेजची मुले मिळत नाहीत, याचे खापर आम्ही मोबाईलवर आणि बदलत्या काळावर फोडतो आणि मोकळे होतो.

माझ्या मते दुखणे दुसरीकडे आहे. अनेक ठिकाणी सभा टिकली आणि घरभेट सुटली. हे कोणी ठरवून केले नाही. सभासदांची वये वाढली, गुडघे कुरकुरू लागले, मदतीसाठी दत्तक घेतलेली कुटुंबे लिफ्ट नसलेल्या इमारतींत चौथ्या मजल्यावर राहायला गेली. मग कुटुंबांनीच महिन्यातून एका रविवारी चर्चच्या हॉलवर यावे आणि धान्य घेऊन जावे, अशी सोय करण्यात आली. सोय खरोखरच चांगली होती. वाटप अर्ध्या तासात आटोपते, रजिस्टरवर सह्या होतात, हिशेब चोख राहतो. पण त्या दिवसापासून गरीब माणूस आमच्याकडे येऊ लागला आणि आमचे त्याच्याकडे जाणे थांबले. त्यानंतर सभेत वाचायला वृत्तांत उरला नाही. मागील सभेचे इतिवृत्त, खजिनदारांचा हिशेब, सणाच्या वाटपाची यादी आणि कोणत्या दुकानातून तूरडाळ स्वस्त पडेल याची चर्चा, एवढ्यावर सभा संपते. अशा सभेला विशीतला मुलगा एकदा आला आणि पुन्हा फिरकला नाही, तर त्याला नावे ठेवण्यात काय अर्थ?

घरी गेल्याशिवाय काय कळत नाही, याचे एक उदाहरण देते. नालासोपारा पूर्वेला एका चाळीत एक विधवा बाई राहतात. त्यांच्या पलंगाखाली तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळालेला तांदूळ होता आणि त्यातल्या एका पिशवीला पोरकिडे लागले होते. धान्याची त्यांना ददात नव्हती. त्यांचे संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा दीड हजार रुपये मात्र कित्येक महिने थांबले होते, कारण अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते आणि त्यांचे खाते जोडलेले नव्हते. हॉलवरच्या रांगेत ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नसती. तिथे पिशवी घ्यायची आणि पुढे सरकायचे असते. आमच्या एका सिस्टरबरोबर सहज म्हणून आलेल्या, बी.कॉम.च्या वर्गात शिकणाऱ्या मुलीने पलंगावर बसून त्यांची कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी उपसली, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड शेजारी ठेवून दोन्हींवरच्या नावांतला फरक दाखवला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्यांना बँकेत घेऊन गेली. पैसे सुरू व्हायला वेळ लागला, पण झाले. त्या मुलीला सभासद व्हा, असे कोणी सांगितले नव्हते. ती पुढच्या आठवड्यात आपण होऊन विचारत आली की, आता कुणाकडे जायचे?

संत व्हिन्सेंट यांच्या चरित्रात याच्याशी जुळणारी एक हकिकत आहे. १६१७ साली फ्रान्समधील शातियों गावी ते धर्मगुरू असताना एका कुटुंबातली सगळी माणसे आजारी असल्याचे त्यांना मिस्सेपूर्वी समजले आणि त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी ते स्वतः त्या घरी निघाले, तेव्हा रस्त्यावर अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या गावकऱ्यांची रीघ लागली होती. एवढे अन्न एका दिवसात जमा झाले तर ते नासणार आणि उद्या पुन्हा उपासमार होणार, हे त्यांच्या ध्यानात आले. लोकांत दया भरपूर आहे, तिला शिस्त नाही, असे म्हणून त्यांनी गावातल्या स्त्रियांचा पहिला सेवासंघ स्थापन केला आणि पाळ्या लावून दिल्या. वसईने हे अलीकडेच अनुभवले आहे. जुलै २०१८च्या पुरात आणि नंतर कोविडच्या टाळेबंदीत माणुसकीला कमतरता नव्हती. पण धान्याचे संच कोणाकडे चार पोहोचले आणि कोणाकडे एकही नाही. ज्यांना प्रत्येक गल्लीतले घर ठाऊक असायला हवे होते ते आम्ही व्हिन्सेंशियनच होतो.

आजच्या गरजेचे स्वरूपही तांदूळ-डाळीपुरते राहिलेले नाही. शिधापत्रिकेचे ई-केवायसी, तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे ऑनलाइन प्रमाणपत्र, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते रुग्णालय बसते याची चौकशी, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के जागांसाठी वेळेत भरायचा अर्ज, या कामांत साठीपुढच्या सभासदाची दमछाक होते आणि वीस वर्षांचा मुलगा ती बसल्या जागी करतो. उलट, दारात गेल्यावर कोणाशी कसे बोलावे, दारू पिणाऱ्या नवऱ्यासमोर बाईला काय विचारू नये, मदत कुठे थांबवावी, हे त्या मुलाला कळत नाही आणि ज्येष्ठ सभासदाला ते अनुभवाने येते. दोघादोघांनी जाण्याची जुनी पद्धत आज अशी एक जुना, एक नवा जोडून पाळली, तर दोघांचेही अडणार नाही.

गरिबीच्या जोडीला आणखी एक उणीव आमच्या पश्चिमेकडच्या गावांतून दिसते. मुले कॅनडा-ऑस्ट्रेलियाला आणि मागे मोठ्या बंगल्यात सत्तरी-पंचाहत्तरीचे आई-वडील. त्यांना पैशाची वाण नाही, पण आठवड्यात त्यांच्या दाराची कडी वाजवणारे कोणी नसते. ही घरे आमच्या रजिस्टरमध्ये बसत नाहीत, कारण रजिस्टरमध्ये उत्पन्नाचा रकाना पहिला आहे. तो रकाना बाजूला ठेवून तिथेही जायला हवे. गंमत म्हणजे याच घरांतली मुले टोरंटोच्या एखाद्या चर्चमध्ये नाईट्स ऑफ कोलंबसच्या न्याहारीच्या कार्यक्रमात हौसेने राबत असतात. तो बंधुसंघ १८८२ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी, कर्ता पुरुष गेल्यावर उघड्यावर पडणाऱ्या विधवा-मुलांना आधार मिळावा म्हणून काढला. आपल्याकडेही मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली बसीन कॅथॉलिकची पतपेढी काढली ती शेतकऱ्याची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून. बंधुत्वाला काहीतरी नेमके काम लागते. त्यावाचून ते स्नेहसंमेलनापुरते उरते.

नव्यांना आकर्षित करण्यासाठी सभेतील प्रार्थना कमी करावी, असा एक विचार आमच्यातले काही सुज्ञ लोक मांडतात. मला तो अजिबात पटत नाही. नुसते अर्ज भरून देणाऱ्या आणि धान्य वाटणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्या हे काम आमच्याहून चांगले करतात. आम्ही त्या घरी जातो ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने भुकेल्यांच्या, परक्यांच्या आणि आजाऱ्यांच्या ठायी आपणच असल्याचे सांगितले म्हणून. हे एकदा मनातून गेले की, आभार न मानणाऱ्या, खोटे बोलणाऱ्या, मदतीचे पैसे उडवणाऱ्या माणसाकडे तिसऱ्यांदा जाण्याचे बळ कुठून आणायचे? संस्थापकांनाही हा गट केवळ दानधर्मासाठी नको होता; श्रद्धेला हसणाऱ्या शहरात तरुणांनी मैत्रीने एकमेकांची श्रद्धा सांभाळावी, हा हेतू तितकाच होता. पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये गरिबांविषयीच्या प्रेमावर जे 'दिलेक्सी ते' हे पत्र प्रसिद्ध केले, त्यातही गरिबांची सेवा श्रद्धेपासून वेगळी काढता येत नाही, हाच धागा आहे.

मात्र प्रार्थना कशी होते, हे पाहायला हवे. छापील पुस्तिकेतली इंग्रजी प्रार्थना एका दमात म्हणून टाकायची आणि लगेच हिशेबाकडे वळायचे, याला मी प्रार्थना म्हणणार नाही. ज्या भाषेत आपण घरात बोलतो त्या भाषेत, म्हणजे मराठीत आणि पूर्वेकडच्या मिश्र वस्तीत हिंदीत, येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचावे आणि त्या आठवड्यात भेटलेल्या कुटुंबासाठी, कुटुंबाचे नाव न उच्चारता, प्रार्थना करावी. एवढे केले तरी सभेचा सूर बदलतो. धर्मगुरूंनी आध्यात्मिक मार्गदर्शन अवश्य करावे. सभा मात्र प्रापंचिकांना चालवू द्यावी. प्रत्येक बारीकसारीक निर्णयासाठी फादरांच्या तोंडाकडे बघण्याची सवय आम्हालाच लागली आहे, हेही खरे.

सभासद मिळवण्याच्या पद्धतीबद्दल काही गोष्टी स्पष्टपणे लिहिते. वेदीवरून सर्वांना केलेले आवाहन कोणालाच केलेले नसते. दृढीकरणाच्या (किशोरवयात श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) वर्गातल्या, गायनवृंदातल्या, नर्सिंग शिकणाऱ्या एकेका मुला-मुलीला नावाने हाक मारून, शनिवारी संध्याकाळी माझ्याबरोबर एका घरी येशील का, एवढेच विचारावे. फॉर्म, फोटो, वर्गणी यांची घाई करू नये. सभेची वेळ लोकलने कामावर जाणाऱ्यांच्या सोयीची असावी. रविवारी पहिल्या मिस्सेनंतरची वेळ निवृत्तांना सोयीची आहे, क्लासला जाणाऱ्या मुलांना आणि घरी स्वयंपाक वाट पाहत असलेल्या बायकांना नाही. पदांना संस्थेच्या नियमातच मुदत घातलेली आहे, ती मनापासून पाळावी. अध्यक्षपद सोडून त्याच माणसाने सचिव व्हायचे आणि सचिवाने अध्यक्ष, ही मुदतीची पळवाट झाली.

वसई रोड, नालासोपारा, विरार या भागांत गेल्या काही दशकांत तमिळ, मल्याळी, मंगळुरी आणि झारखंडकडचे कॅथॉलिक मोठ्या संख्येने आले. गोखिवरे-वालीवच्या कारखान्यांत राबणारा झारखंडी तरुण मिस्सेला मागच्या बाकावर बसतो आणि निघून जातो. त्याच्या वस्तीत कोण आजारी आहे, कोणाचा पगार बुडाला, हे त्याला आमच्यापेक्षा शंभरपट चांगले माहीत असते. गावठाणातल्या जुन्या घराण्यांनी चालवलेली कॉन्फरन्स त्याला आपली वाटत नाही आणि तसे वाटावे म्हणून आम्ही काही केलेलेही नाही.

याहूनही अवघड प्रश्न पुढे आहे. ज्या कुटुंबांना आम्ही वर्षानुवर्षे मदत करतो त्यांच्यातला कोणी सभासद का होत नाही? पूर्वी वाडीत मजुरीला येणाऱ्या घरातली मुले आमच्या शिष्यवृत्तीवर शिकली, त्यांतली काही आज बऱ्या नोकरीला आहेत. त्यांनी कॉन्फरन्सच्या टेबलाशी आमच्या शेजारी बसावे, असे आम्हाला सुचले नाही. देणारे कोण आणि घेणारे कोण, हे आमच्या मनात फार पक्के झाले आहे. सभासदांना एकमेकांचे भाऊ-बहीण म्हणवणाऱ्या संस्थेत ही रेघ असता कामा नये. गरजेचा काळ कसा असतो हे ज्याने भोगले आहे तो घरभेटीला बरोबर आला, तर समोरच्या माणसाचा संकोच पहिल्या पाच मिनिटांत जातो. नव्या सभासदांचा शोध मी तरी याच घरांतून सुरू करीन. जी ख्रिस्ती नाहीत त्यांनाही सेवेच्या कामात सोबत घ्यायला काहीच हरकत नसावी. प्रार्थनेला बसायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे.

एक गोष्ट मात्र ताबडतोब थांबायला हवी. धान्याची पिशवी घेताना बाईचा फोटो काढून तो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची प्रथा काही ठिकाणी रुजली आहे. देणगीदारांना खात्री पटावी म्हणून हे करतो, असे सांगितले जाते. ज्या संस्थेत सभासदाने पिशवीत किती टाकले हे शेजारच्याला कळू नये असा दंडक आहे, तिथे घेणाऱ्याचा चेहरा गावभर फिरावा, हे कोणत्या न्यायात बसते? देणगीदारांसाठी दर तिमाहीचा जमाखर्च, कुटुंबांची नावे वगळून, चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. पेटीत किती जमा झाले, औषधांवर किती गेले, शाळेच्या फीवर किती, शिल्लक किती, एवढे आकडे मराठीत लिहिलेले असले की कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. शिल्लक फार मोठी दिसू लागली तर तीही लोकांनी पाहावी आणि विचारावे, कारण गरिबांसाठी दिलेला पैसा मुदत ठेवीत वाढवत ठेवणे हे आमच्या कामाचे लक्षण नव्हे.

या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वेदीवरचे आवाहन करण्याऐवजी प्रत्येक कॉन्फरन्सने हॉलवरचे वाटप एक महिना बंद ठेवावे आणि ते धान्य घरोघरी नेऊन द्यावे, प्रत्येक जोडीत एक जण सभासद नसलेला असावा, अशी माझी धर्मप्रांतातील सर्व व्हिन्सेंशियन बंधू-भगिनींना विनंती आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांना कोणाला अशा भेटीला सोबत यायचे असेल, त्यांनी जवळच्या चर्चच्या कार्यालयात चौकशी केली तर कॉन्फरन्सच्या सभेचा दिवस आणि वेळ सांगितली जाईल.

आपली विश्वासू,
एक व्हिन्सेंशियन सभासद,
वसई, जि. पालघर